दाणेदार चामड्याच्या हँडबॅगवरील डाग : वऱ्हाडातील हवा, पाणी आणि स्वच्छतेची पद्धत

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकांच्या, विशेषतः प्राध्यापिकांच्या, नित्य वापरातील चामड्याची हँडबॅग ही केवळ शोभेची वस्तू नसते. हजेरीपट, लाल व निळे पेन, चष्म्याचे घर, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, गाडीची चावी आणि क्वचित तपासावयाच्या चाचणी-पेपरांचा गठ्ठा असा सारा संसार तीत सामावलेला असतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापिकेच्या दृष्टीने अस्सल चामड्याची बॅग ही कित्येक महिन्यांच्या काटकसरीतून झालेली खरेदी असते. अशा बॅगेवर डाग पडला की हाताशी असेल त्या वस्तूने तो घासून काढण्याची घाई केली जाते आणि नुकसान बहुधा येथेच होते. डाग कदाचित आठवड्याभरात डोळ्यांच्या सवयीचा झाला असता. घासल्यामुळे उडालेला रंग मात्र परत येत नाही.

प्रस्तुत लेखात दाणेदार पोताच्या चामड्याची रचना, त्यावर पडणाऱ्या डागांचे स्वरूप आणि ते काढताना घ्यावयाची काळजी यांचे विवेचन केले आहे. अमरावती व अकोला परिसरातील हवा व पाणी यांचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. बॅगेसोबत मिळणाऱ्या सूचनापत्रिकेत त्याचा विचार नसल्याने त्या बाजूस अधिक जागा दिली आहे.

दाणेदार पोत म्हणजे काय?

चामड्याचा दाणा तीन प्रकारे येतो. बकरीच्या व म्हशीच्या चामड्यास तो निसर्गतःच असतो. म्हशीचा ठळक, बकरीचा बारीक. दुसऱ्या प्रकारात कमावलेले चामडे मोठ्या ढोलात तासन्‌तास फिरवून मऊ करतात व त्या क्रियेत त्यावर सुरकुत्यांचा दाणा उमटतो. तिसऱ्या प्रकारात तापविलेल्या धातूच्या पत्र्याने मोठा दाब देऊन ठसा उठवितात. बाजारातील बहुसंख्य दाणेदार बॅगा या तिसऱ्या प्रकारातील असतात. अशा चामड्यावर रंगद्रव्य व राळ यांचा पातळ लेप दिलेला असतो.

सॅफियानो या नावाने ओळखला जाणारा तिरप्या रेघांचा ठसा इटलीतील प्राडा या कंपनीमुळे जगभर परिचित झाला. याच कंपनीने जून २०२५ मध्ये मिलान येथे कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मांडली आणि वाद उद्भवल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय हस्तकलेत असल्याचे मान्य केले, हे येथे ओघाने आठवते. वस्तुतः ही दोन चामडी दोन टोकांची आहेत. सॅफियानोवर जाड लेप असतो आणि पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळतो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले व लेपरहित असते. तेल, पाणी, घाम जे पडेल ते त्यात मुरते. बॅग या दोहोंपैकी कोणाच्या जवळची आहे, यावर पुढील सर्व गोष्टी अवलंबून राहतात.

पोताचा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. दाणेदार पृष्ठभाग म्हणजे उंचवटे व खळगे यांची दाट जाळी होय. मळ साचतो तो खळग्यांत. कापड घासले जाते ते उंचवट्यांवर. त्यामुळे जोराने घासल्यास उंचवट्यांवरील लेप झिजतो, खळग्यांतील मळ मात्र जागीच राहतो. गुळगुळीत चामड्यावर जे घासणे खपून जाते तेच दाणेदार चामड्यावर पांढुरक्या ठिपक्यांच्या रूपाने कायमचे दिसू लागते. बॅग ‘स्वच्छ केल्यावर जुनी दिसू लागली’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हेच.

कमावणी आणि सामू

कातड्यातील मुख्य घटक म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. ते कुजू नये म्हणून त्याचे तंतू टॅनिनने किंवा क्रोमियमच्या क्षारांनी बांधून घेणे म्हणजे कमावणे. हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल ही या देशातील जुनी साधने होत. महाराष्ट्रात कमावणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर (कक्कय्या) समाजाकडे, तर वस्तू घडविण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. कोणत्या चामड्यास किती पाणी सोसते याचे सूक्ष्म ज्ञान या समाजांच्या हातांत राहिले आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी ते टिपून घेण्याची तसदी क्वचितच घेतली. क्रोमियमची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली व आज बहुतेक बॅगांचे चामडे तिनेच कमावलेले असते.

दोन्ही पद्धतींत तयार चामडे किंचित आम्लधर्मी राहते. त्याचा सामू साधारणतः ३.५ ते ५ या दरम्यान असतो. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो आणि धुण्याचा सोडा त्याच्याही पुढे जातो. अल्कधर्मी पाण्याने वनस्पतिजन्य चामडे काळवंडते, कडक होते आणि बांधलेले टॅनिन सुटू लागते. यास्तव कपड्यांचे डाग काढणारी पावडर, भांड्यांचा साबण व खाण्याचा सोडा ही तिन्ही बॅगेपासून दूर ठेवावीत. लिंबू वा व्हिनेगर यांचा सामू २ ते ३ असल्याने तेही सुरक्षित नव्हेत. दातांची पेस्ट तर सौम्य पॉलिश-कागदच समजावी.

प्रथम ओळख

डागास हात लावण्यापूर्वी बॅगेच्या झाकणाखाली अथवा पट्ट्याच्या आतील बाजूस ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब ठेवून दोन मिनिटे पाहावे. थेंब मोत्यासारखा टिकून राहिल्यास चामड्यावर लेप आहे असे समजावे. तो शोषला जाऊन जागा गडद झाल्यास चामडे लेपरहित आहे. अशी बॅग घरी फक्त कोरडी पुसावी आणि अन्य उपचार जाणकारावर सोडावा. त्यानंतर पांढरे ओलसर कापड त्याच जागी हलकेच दाबून पाहावे. कापडास बॅगेचा रंग लागला, तर त्या बॅगेचा डाग पाण्याने काढण्याचा विचार सोडून देणे श्रेयस्कर.

बॅग चामड्याचीच आहे ना, हेही पाहून घेणे अगत्याचे आहे. शिवणीजवळच्या कापलेल्या कडेत तंतू दिसतात की विणलेल्या कापडावर चढवलेला थर दिसतो, एवढे पाहिले तरी पुरते. काडी पेटवून वास घेण्याचा जो सल्ला दिला जातो तो नव्या डागाची हमी देणारा आहे. पॉलियुरेथेनचा लेप असलेले रेक्झिन दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सोडू लागते. तो डाग नव्हे आणि कोणत्याही स्वच्छतेने तो थांबत नाही.

वऱ्हाडचे पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरीचे व विंधनविहिरीचे पाणी सोडियमच्या क्षारांनी युक्त असते. ज्या पाण्याची चर्चा मूत्रपिंडाच्या विकारांच्या संदर्भात गांभीर्याने होते, त्याच्या बाबतीत बॅगेची काळजी क्षुल्लक वाटेल. तथापि त्या पाण्यात बुडविलेले कापड चामड्यावर फिरविले की काय होते, हे समजून घेणे उपयुक्त आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि ते खळग्यांत साचतात. भिंतीस लोणा लागावा तशी पांढरी भुकटी काही दिवसांनी बॅगेवर उमटते. गृहिणी ती बुरशी समजून पुन्हा त्याच पाण्याने पुसते आणि प्रत्येक पुसण्यागणिक क्षारांचा थर वाढत जातो.

चामड्यावर उमटणारी पांढरी भुकटी तीन प्रकारची असते व तिघींचे उपचार भिन्न आहेत. भुकटीवर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवला असता ती विरघळून नाहीशी झाली तर ती क्षारांची. पाण्याने काही झाले नाही, पण बोटाच्या उबेने अथवा केस वाळविण्याच्या यंत्राच्या कोमट झोताने ती दिसेनाशी झाली तर ती चामड्यात घातलेल्या स्निग्ध पदार्थांची. हिवाळ्यात ती विशेष दिसते व मऊ कोरड्या कापडाने टिपून निघते. दोन्ही उपायांनी ती बदलली नाही, तंतुमय वा ठिपक्या-ठिपक्यांची असली आणि कुबट वास येत असला तर ती बुरशी होय. बुरशीची बॅग घराबाहेर नेऊन, नाकातोंडावर रुमाल बांधून, मऊ ब्रशाने कोरडीच झटकावी. ओल्या कापडाने बुरशी पुसणे म्हणजे तिचे बीजाणू ओलाव्यासह खळग्यांत पेरणे होय.

बुरशी पावसाळ्यात लागते हे सर्वविदित आहे. वऱ्हाडात मात्र ती वैशाख-ज्येष्ठातही लागलेली आढळू शकते, कारण कूलर. बाहेरची हवा कोरडीठाक असली तरी बंद खोलीत दिवसरात्र चालणारा कूलर हवेत पाणीच भरत असतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरू शकते. कूलरच्या झोतासमोरील कपाटात, त्यातही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली बॅग ही या दृष्टीने सर्वांत असुरक्षित. सुती पिशवीत घालून तीच बॅग आतल्या खोलीत ठेवली तर सहसा बाधत नाही.

यास्तव बॅगेसाठी ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. ते बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळते. मात्र घेताना ते डिस्टिल्ड वॉटर आहे, बॅटरीचे आम्ल नव्हे, याची खात्री करावी. घरातील आर.ओ. यंत्राचे पाणीही चालते. विंधनविहिरीच्या पाण्यात लोह असल्यास आणखी एक संकट संभवते. हिरडा अथवा बाभळीतील टॅनिन व लोह यांचा संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो. पूर्वी हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करीत, तीच प्रक्रिया बॅगेवर घडते. ओल्या बॅगेस टेकलेली गंजकी टाचणी किंवा किल्ली यांमुळेही असा डाग पडतो आणि तो घरगुती उपायाने जात नाही.

वऱ्हाडचे ऊन

मे महिन्यात या भागात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. दुचाकीच्या आकड्यास लटकलेली किंवा उन्हातील गाडीत राहिलेली बॅग याहून बरीच अधिक तापते. उष्णतेने लेप मऊ होतो, ठशाने उठविलेला दाणा ओलाव्याच्या संगतीने सैल पडू शकतो आणि चामड्यातील स्निग्धांश पृष्ठभागाकडे सरकतो. ओली बॅग वाळविण्यासाठी उन्हात ठेवणे हे तर सर्वांत घातक. पृष्ठभाग झपाट्याने वाळतो, आतील ओल कडेकडे धावते आणि जेथे ती उडून जाते तेथे क्षार, टॅनिन व सुटलेला रंग यांची गोल रेघ उमटते. मूळ डागापेक्षा ही कडा अधिक ठळक असते.

चामडे कोरडे पडू नये म्हणून तेल चोळण्याची प्रथा आहे. घरी जवस किंवा करडीचे तेल असते व तेच वापरले जाते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होणारे तेल आहे. तैलचित्रांच्या रंगांत ते याच गुणासाठी वापरतात. चामड्यावर ते प्रथम चकाकते, मग चिकट होते आणि धूळ धरून खळग्यांत काळे पडते. करडीच्या तेलाचा स्वभाव थोड्या कमी प्रमाणात हाच आहे. खोबरेल घट्ट होत नाही, परंतु २४ अंशांच्या खाली ते थिजते व हिवाळ्यात पांढरट दिसते. वस्तुसंग्रहालयांत एके काळी जुन्या चामड्यास तेल-मेणाचे मिश्रण नियमाने चोळीत असत. ती पद्धत आता बहुतांशी सोडून देण्यात आली आहे. लेप असलेल्या बॅगेत तर तेल शिरतच नाही. तिला चामड्याचे तयार मलम वर्षातून एकदोनदा, तेही अत्यल्प, पुरेसे होते.

स्वच्छतेची पद्धत

बॅग रिकामी करून प्रथम मऊ कोरड्या ब्रशाने झटकावी. दाढीचा जुना, स्वच्छ धुतलेला ब्रश यासाठी उत्तम. त्याचे केस खळग्यांत पोचतात आणि उंचवटे झिजवीत नाहीत. खडूची धूळ व रस्त्याची धूळ यानेच जाते. ही पायरी गाळून ओले कापड लावल्यास धुळीचा चिखल होऊन तो खळग्यांत बसतो.

त्यानंतर वाटीभर ऊर्ध्वपातित पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोनतीन थेंब टाकून घुसळावे आणि केवळ फेस ब्रशाने उचलून लावावा. पाणी नव्हे, फेस. फेसात द्रव अत्यल्प असतो व तो खळग्यांतील मळ सैल करतो. ब्रश गोल, हलक्या हाताने फिरवावा व लगेच स्वच्छ, किंचित ओलसर सुती कापडाने टिपावे. वारंवार धुऊन खळ गेलेल्या जुन्या पांढऱ्या धोतराचा किंवा सुती साडीच्या अस्तराचा तुकडा यास योग्य. रंगीत कापडाचा रंग ओल्या चामड्यास लागू शकतो. डाग लहान असला तरी एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा संपूर्ण भाग सारखाच ओलसर करावा, म्हणजे कडा उमटत नाही. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने तत्त्वतः ते चालते, परंतु त्याचा तपकिरी रंग फिकट बॅगेवर उतरतो.

शेवटी आत कोरा कागद भरून बॅग सावलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर, एक दिवस वाळू द्यावी. वर्तमानपत्राची शाई अस्तरास लागते म्हणून ते टाळावे.

काही नेहमीचे डाग

तेलाचा डाग पाण्याने कधीही पुसू नये. ताजे तेल टिपकागदाने टिपून त्यावर मक्याचे पीठ किंवा टाल्कम पावडर रात्रभर ठेवतात. तथापि दाणेदार चामड्यावर पावडर थेट टाकल्यास ती खळग्यांत अडकून गडद बॅगेवर पांढरी जाळी दिसते. मधे पातळ मलमलीचा तुकडा ठेवून त्यावर पावडर पसरावी. तेल कापडातून वर खेचले जाते. एका रात्रीत न निघाल्यास पावडर बदलून पुन्हा ठेवावे, घासू नये.

हळदीचा डाग संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर हमखास दिसतो, कारण पुड्या पर्समध्येच घरी येतात. हळदीतील करक्युमिन अल्काच्या संपर्कात लाल होते. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. साबण लावताच पिवळा डाग लाल होतो तो यामुळे. कोरडी हळद ब्रशाने झटकून बॅग काही दिवस सावलीतील उजेडात ठेवावी. करक्युमिन उजेडाने फिके पडते, थेट उन्हाची गरज नसते.

मोर्शी-वरूडच्या संत्र्यांचा हंगाम असताना आणखी एक डाग संभवतो. संत्र्याची साल सोलताना उडणारे तुषार हे मुख्यतः लिमोनीन या द्रवाचे असतात व ते द्रावक आहे. लेपावर पडल्यास तो मऊ होऊन चिकट ठिपके उरतात. फराळाच्या सुटीत संत्रे खाताना बॅग मांडीवर नसावी, इतकेच.

बॉलपेनची रेघ हा अध्यापकांचा खास डाग. बॉलपेनच्या शाईतील रंग अल्कोहोलात विरघळतो, म्हणून सॅनिटायझर किंवा नखांचा रंग काढणारे द्रावण वापरण्याचा मोह होतो. दुसऱ्यातील ॲसिटोन तर लेपच विरघळवतो. लेप असलेल्या बॅगेवर, आतील बाजूस चाचणी घेऊन, कापसाच्या काडीचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलाने जेमतेम ओलसर करावे आणि रेघेवर घासण्याऐवजी गोल फिरवीत न्यावे. प्रत्येक वेळी नवी काडी घ्यावी. काडीवर शाईऐवजी बॅगेचा रंग दिसू लागताच थांबावे. तोवर जे उरले ते राहू द्यावे. चार सेंटिमीटरची फिकट लाल रेघ ही रुपयाएवढ्या पांढऱ्या चट्ट्यापेक्षा केव्हाही बरी. लेपरहित चामड्यावर हा प्रयोग करूच नये.

चौकातील चर्मकार कारागिराकडे बॅग नेल्यास शिवण, बकल व पट्टा यांचे काम तो उत्तम करतो. केवळ बुटाचे पॉलिश बॅगेस न लावण्याविषयी त्यास आधी सांगावे. पॉलिशमधील मेण खळग्यांत भरते व वऱ्हाडच्या उन्हात मऊ होऊन साडीस लागते. बुटास साडी लागत नाही, म्हणून तेथे ते चालून जाते. झिजलेल्या उंचवट्यांवर रंगद्रव्ययुक्त लेप पुन्हा देणारे कारागीर मोठ्या शहरांत आढळतात, आणि ते काम घरी करण्याजोगे नाही.

निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या प्राध्यापकांसाठी एका डागाचा उल्लेख आवश्यक आहे. मतदाराच्या बोटास लावावयाची शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असून ती म्हैसूर पेंट्स अँड वार्निश लिमिटेड या कर्नाटक शासनाच्या कंपनीत तयार होते. तीत सिल्व्हर नायट्रेट असते. ते त्वचेतील प्रथिनांशी संयोग पावून उजेडात काळे पडते. बोटाची त्वचा झडते व नवी येते, म्हणून खूण काही आठवड्यांत जाते. चामडे हेही प्रथिनच, पण ते झडत नाही. साबण, अल्कोहोल वा फेस यांपैकी कशानेही हा डाग निघत नाही. मतदान केंद्रावर जाताना चामड्याची बॅग घरी ठेवून कापडी पिशवी न्यावी.